आधी मोजणी, मग पुस्तक

अर्थशास्त्राच्या एका ऑनलाइन कोर्सच्या पहिल्या आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये मला दहापैकी चार गुण मिळाले. जुलै २०२३ ची गोष्ट. वय त्रेचाळीस, कराडच्या एका पतसंस्थेत कॅशियरची नोकरी आणि बी.कॉम. होऊन एकवीस वर्षं लोटलेली. त्या आठवड्याचे सगळे व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिले होते, एक तर दोनदा. पाहताना काहीच अवघड वाटलं नव्हतं, म्हणून ते चार गुण जास्त लागले. समजलं नव्हतं असं असतं तर निदान कुठे अडलं ते तरी कळलं असतं.

पुन्हा शिकावं हे मनात आलं त्याच्या वर्षभर आधी. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बाकीच्या बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. आमच्या काउंटरला एक निवृत्त गुरुजी येतात, दर महिन्याला ठेवीचं व्याज घ्यायला. त्यांनी विचारलं, "बाई, रेपो वाढला म्हणतात. म्हणजे नेमकं काय झालं? आणि आपल्या ठेवीचं काय?" मी म्हणाले, "व्याज वाढेल, गुरुजी." त्यांनी विचारलं, "का?" मला सांगता येईना. अठरा वर्षं रोज पैसे मोजते आहे आणि पैशाचा भाव कसा ठरतो हे ठाऊक नाही, ही बोच घरी आल्यावरही गेली नाही.

एकदम एम.ए.ला नाव घालण्याचा धीर झाला नाही. आधी एक कोर्स करून बघू म्हटलं. केंद्र सरकारचं 'स्वयं' पोर्टल २०१७ पासून सुरू आहे. त्यावरचे कितीतरी कोर्स एनपीटीईएलचे असतात, म्हणजे आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमाचे. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी, माझ्या वेळी ती हजार रुपये होती. मी सूक्ष्म अर्थशास्त्राचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. दर आठवड्याला व्हिडिओ आणि त्यावर एक असाइनमेंट. बारांपैकी सगळ्यांत चांगल्या आठ असाइनमेंटची सरासरी धरतात, तिला २५ गुण आणि शेवटच्या लेखी परीक्षेला ७५. पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं: २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०.

मी अभ्यास कसा करत होते ते सांगते, कारण चूक तिथेच होती. रात्रीचं आवरून साडेदहाला मोबाइल घेऊन पडायचं आणि कानात हेडफोन घालून व्हिडिओ लावायचा. सर समजावून सांगताहेत, मी मनात "हो, बरोबर" म्हणते आहे. मालिका बघितल्यासारखं. चार गुण पडल्यावर मी तेच जास्त जोरात केलं. व्हिडिओ दोनदा पाहिले, त्याखाली मिळणारा लिखित मजकूर छापून आणला आणि त्याच्यावर पिवळ्या पेनाने रेघा ओढल्या. पानंच्या पानं पिवळी झाली. दुसऱ्या आठवड्यात गुण मिळाले पाच.

त्या रविवारी मी ओट्याशी मोबाइल टेकवून व्हिडिओ ऐकत भाजी चिरत होते. आत्याबाई शेजारी घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.) त्यांची शाळा चौथीपर्यंतची. व्हिडिओ संपला तसं त्यांनी विचारलं, "काय सांगत हुता गं मास्तर एवढा येळ?"

मी सांगायला तोंड उघडलं. मागणीची लवचिकता. म्हणजे किंमत वाढली की... मागणी कमी होते, पण किती कमी होते ते... तिथेच अडले. अर्धा तास इंग्रजीतून जे स्वच्छ समजलं होतं, त्याचं एक धड मराठी वाक्य मला करता येईना. पुन्हा मोबाइल उघडून बघितलं, तर सगळं ओळखीचं! बंद केला की रिकामं.

आत्याबाईंनी मात्र त्याच अर्ध्या-कच्च्या सांगण्यावरून धागा धरला. म्हणाल्या, "आता मीठ म्हाग झालं म्हनून कुनी आळणी खातंय व्हय? पर टमाट्याला शंभर मागाय लागल्यावर आपुन चिंच घातलीच की आमटीत." त्या जुलैत टोमॅटोने सगळीकडे शंभरी ओलांडली होती. मीठ आणि टोमॅटो. लवचिकता म्हणजे दुसरं काही नाही. मला ते अर्ध्या तासाच्या व्हिडिओतून सांगता आलं नव्हतं.

आत्याबाई भजनी मंडळात आहेत. शंभराच्या वर अभंग त्यांना पाठ आहेत. ते पाठ कसे झाले असं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, घरात इतकी वर्षं ऐकत असून. त्या म्हणाल्या, पुस्तक समोर धरून कधीच नाही. लहानपणी देवळात मोठ्या बायकांच्या मागे बसायचं आणि म्हणायचं. अडलं की शेजारची उचलून धरायची. दुसऱ्या दिवशी नेमकं अडलं होतं तिथं ध्यान द्यायचं. "अडल्याबिगर बसत न्हाई त्ये," हे त्यांचं वाक्य मी तेव्हाच कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

आणि मग मला माझंच काम आठवलं. संध्याकाळी कॅश बंद करताना आधी पेटीतल्या नोटा मोजायच्या, पाचशेच्या किती, दोनशेच्या किती हे कागदावर मांडायचं आणि मग कॉम्प्युटरवरची शिल्लक बघायची. नोकरीला लागले तेव्हा आमच्या जुन्या हेडकॅशियरनी हे फार कडकपणे शिकवलं होतं. शिल्लक आधी बघितली की मोजणारा नकळत त्या आकड्याकडे मोजत जातो, आणि चूक असली तरी दिसत नाही. आधी मोजणी, मग पुस्तक. अठरा वर्षं हे पाळणारी मी, अभ्यासात मात्र दरवेळी पुस्तक उघडं ठेवून "जमलं" म्हणत होते.

सोमवारपासून पद्धत बदलली. जुन्या कॅलेंडरची पानं आमच्याकडे टाकत नाहीत, मागची बाजू कोरी असते. व्हिडिओ संपला की मोबाइल उलटा ठेवायचा, घड्याळ लावून दहा मिनिटं आठवेल ते सगळं मराठीत लिहायचं. मोडकंतोडकं, आकृती येईल तशी. मग मोबाइल उघडायचा आणि जे सुटलं, जे चुकलं, ते लाल पेनाने भरायचं. पहिल्या पानावर माझ्या निळ्या चार ओळी आहेत आणि बाकी पान लाल आहे. ते पान अजून ठेवलंय. त्या दहा मिनिटांत फार अस्वस्थ व्हायला होतं. डोकं पुन्हा पुन्हा म्हणतं, एकदा बघून घे ना, कशाला उगाच वेळ घालवतेस. पण तेवढी दहा मिनिटं सोसली की लाल रेघ जिथे पडते, ती गोष्ट पुढे विसरत नाही.

पुढे याविषयी वाचत गेले तेव्हा कळलं की हे नुसतं माझ्या मनाचं नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की आपल्याला चांगलं लक्षात राहील असा भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. माझी ती पिवळी पानं आठवली. विसरण्याचा वेग मोजणाऱ्या एबिंगहाउसने तर १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच सर्वांत वेगाने गळतं, नंतर गळती मंदावते. म्हणून मी ती कॅलेंडरची पानं व्हाउचर ओवायच्या तारेत ओवून ठेवायला लागले. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने फक्त पानाचं शीर्षक बघायचं आणि पान न उलटता पुन्हा कोऱ्या कागदावर मांडायचं.

एक पान जवळून दाखवते. चौथ्या आठवड्याचं. सरांच्या उदाहरणातले आकडे न घेता मी आमच्या घरचे घेतले. टोमॅटो ४० रुपये किलो होते तेव्हा आठवड्याला ३ किलो घेत होतो, १०० झाले तेव्हा १ किलो. किंमत वाढली १५० टक्के, खरेदी घटली सुमारे ६७ टक्के. खरेदीतला बदल भागिले किमतीतला बदल, ही लवचिकता: ६७ भागिले १५०, म्हणजे सुमारे ०.४५. एकाहून कमी, म्हणजे मागणी अलवचिक, भावाच्या मानाने कमी हलणारी. पण अलवचिक मागणीत भाव वाढला की एकूण खर्च वाढतो, असं त्याच आठवड्यात शिकवलं होतं. आमचा खर्च मात्र आधी १२० रुपये होता आणि नंतर १००. कमी झाला! दोन तास मी त्या पानाशी झगडत होते. पेटीत रोकड जुळत नाही तेव्हा जशी झोप लागत नाही, तसंच. शेवटी मुलीला उठवलं. ती तेव्हा बारावी सायन्सला होती. ती म्हणाली, "आई, टक्केवारी तू जुन्या किमतीवर काढतीयेस. परत शंभरावरून चाळीसला उतरव बघू, टक्के तेच येतात का?" येत नव्हते. बदल मोठा असला की सुरुवातीच्या आकड्यावर नाही, दोन्हींच्या सरासरीवर टक्केवारी काढायची असते. खरेदीची सरासरी २ किलो, घट २ किलो, म्हणजे १०० टक्के. किमतीची सरासरी ७०, वाढ ६०, म्हणजे सुमारे ८६ टक्के. उत्तर १.१७. लवचिक. खर्च घटलाच पाहिजे होता.

ही मध्यबिंदूची पद्धत सरांनी व्हिडिओत सांगितली होती. मी ती दोनदा ऐकली होती. पण ती का लागते हे आमच्या टोमॅटोंनी दाखवलं. त्या दिवसापासून उदाहरण शक्यतो घरातलं, बाजारातलं घ्यायचं हा नेमच झाला. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर सरकारने ४० टक्के शुल्क लावलं, तेव्हा मी आपणहून पुरवठ्याची रेघ काढून बसले होते.

इंग्रजीचं सांगायला हवं, कारण आमच्यासारख्या मराठी माध्यमातल्या माणसाचं अर्धं अवसान तिथेच गळतं. मला एक रस्ता सापडला तो सांगते. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. अर्थशास्त्राची मराठी पुस्तकं मी उतरवून घेतली. व्हिडिओच्या आधी त्यातला तो धडा वाचायचा, पंधरा मिनिटंच. मग 'मार्जिनल युटिलिटी' कानावर पडली की ती आधीपासून ओळखीची 'सीमान्त उपयोगिता' असते, म्हणजे आणखी एक नग घेतल्याने मिळणारं जास्तीचं समाधान. वहीत तीन रकाने केले: इंग्रजी शब्द देवनागरीत, मराठी शब्द आणि तिसऱ्यात घरातलं उदाहरण. संधी खर्चापुढे, म्हणजे एक निवडताना दुसरं जे सोडावं लागतं त्याच्यापुढे, लिहिलंय, "पहाटेची झोप". बारावीचं पुस्तक उघडायला कमीपणा वाटून घेऊ नये, एवढं मी परत शिकायला निघालेल्या प्रत्येकीला कळकळीने सांगेन.

वेळेचं म्हणाल तर रात्रीचा अभ्यास सोडला. पहाटे पावणेपाच ते सहा, नळाला पाणी येईपर्यंत. सव्वा तास. दिवसभर इतरांच्या नोटा मोजून झालेल्या डोक्यात रात्री नवं काही शिरत नाही. जुनं आठवून बघायला मात्र रात्र चालते, पोळ्या लाटताना, भांडी लावताना.

एक गोष्ट झाकून ठेवावी असं वाटतं, पण लिहिते. सातव्या आठवड्यात घरी पाहुणे होते, अभ्यास झाला नव्हता. एका ग्रुपवर त्या आठवड्याची उत्तरं आयती फिरत होती. मी ती भरली. दहापैकी दहा. पुढचा आठवडा त्याच्यावर उभा होता, आणि मला त्याचं पहिलं वाक्यही लागेना. सातवा आठवडा मला शेवटी पुन्हा करावा लागला, कोऱ्या कागदापासून. ग्रुप सोडला. गणपती-गौरीच्या आठवड्यात असाइनमेंट राहिलीच, तेव्हा ती सरळ जाऊ दिली. बारांतल्या चार सुटल्या तरी चालतात, हा नियम संसार असलेल्या माणसासाठीच केला असावा असं मला तेव्हा वाटलं.

ऑक्टोबरअखेर कोल्हापूरला परीक्षा झाली. तीन तास, कॉम्प्युटरवर. आजूबाजूला सगळी इंजिनिअरिंगची मुलं. असाइनमेंटचे १९ आणि परीक्षेचे ४७, मिळून ६६. निकाल बघितला तेव्हा मी काउंटरवर होते. समोर रांग होती, म्हणून रडता आलं नाही.

जानेवारी २०२४ ला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात अर्थशास्त्र एम.ए.ला प्रवेश घेतला. तिथली पद्धत निराळी. ३० टक्के गुण सत्रकार्याला (म्हणजे असाइनमेंटला), ७० टक्के सत्रान्त परीक्षेला, आणि सत्रकार्य हाताने लिहून द्यायचं. पुस्तकं विद्यापीठाच्याच 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, इंग्रजीतून आणि बरीचशी हिंदीतून. त्यातल्या प्रत्येक घटकात मधेमधे 'आपली प्रगती तपासा' अशा अर्थाची चौकट येते, खाली चारपाच कोऱ्या ओळी सोडलेल्या. बहुतेक जण त्या ओलांडून पुढे जातात. मी धडा वाचायच्या आधीच त्या चौकटी वाचते आणि पेन्सिलीने उत्तर लिहून बघते. बहुतेकदा चुकतं. चुकलेलं असलं की धडा वाचताना आपण काहीतरी शोधत असतो.

सगळ्यांत मोठा निर्णय मात्र आकडेमोडीने घेतला. या विद्यापीठाच्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. सहा क्रेडिटच्या एका विषयाला १८० तास. माझ्याकडे पहाटेचे सहा दिवस सव्वा तास आणि रविवारचे तीन, म्हणजे आठवड्याला साडेदहा. मार्चअखेरीचं काम, गणपती, दिवाळी, आजारपण वजा जाता वर्षाला पंचेचाळीस आठवडे धरले, तर साधारण ४७२ तास होतात. ते १८० ने भागा. अडीच-पावणेतीन विषय. पहिल्या वर्षाचे पाचही नाहीत. मी डिसेंबर २०२४ ला तीनच विषयांची परीक्षा दिली. एम.ए.ला कमीत कमी दोन वर्षं लागतात आणि जास्तीत जास्त चार मिळतात. ती चार वर्षं आपल्यासाठीच आहेत. माझ्याबरोबर नाव घातलेल्या एका मैत्रिणीने पाचही विषय एकदम काढायचे ठरवले आणि सप्टेंबरमध्ये सगळंच सोडून दिलं. हुशारीत ती माझ्याहून पुढे आहे. तिने परत यावं असं मला मनापासून वाटतं, आणि दर महिन्याला मी तिला तसं सांगते.

लिहिण्याचा सराव हा आणखी एक भाग. एकवीस वर्षं मी सह्या आणि आकड्यांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पहिल्या सत्रकार्याला चौथ्या पानावर मनगट दुखायला लागलं. मग ऑक्टोबरपासून दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसले. आधी तासभर, मग दोन, शेवटी पूर्ण तीन तास. ती सवय झाली नसती तर उत्तर येत असूनही पेपर अर्धा राहिला असता. तिन्ही विषय सुटले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर पाव टक्क्याने उतरला. गुरुजी आले, पासबुक पुढे सरकवत म्हणाले, "बाई, आता उलटं चालू झालं म्हणे." रांगेत मागे कुणी नव्हतं. मी पैसे काढायच्या स्लिपची मागची कोरी बाजू घेतली आणि चार चौकोन काढले: रिझर्व्ह बँक, बाकीच्या बँका, आमची संस्था, गुरुजी. बँकांना रिझर्व्ह बँकेकडून पैसा स्वस्त मिळायला लागला की ठेवींसाठी त्यांची ओढाताण कमी होते, तिथून व्याज उतरायला लागतं, हे बाण काढत सांगितलं. एकदाही अडले नाही. गुरुजी चष्मा वर करून कागद बघत राहिले. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनाच्या मधे बोट ठेवून म्हणाले, "पण तुमची पतसंस्था रिझर्व्ह बँकेकडून कुठे पैसे घेते? मग हा बाण इथून इकडे कसा आला?"

आम्ही आमची शिल्लक जिल्हा बँकेत गुंतवतो, तिथलं व्याज कमी झालं की आम्हालाही कमी द्यावं लागतं, इतकं मी सांगितलं. पण ते किती दिवसांनी, किती प्रमाणात आणि सगळं उतरतं की थोडं, हे मला नीट मांडता आलं नाही. गुरुजींना म्हटलं, "पुढच्या महिन्यात सांगते."

ती स्लिप घरी आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानामागे शीर्षक लिहिलं, "बाण क्र. २", आणि पुस्तक न उघडता घड्याळ लावलं.